भाकरीच्या मापाची चाकं

हाशिम मुकादमांच्या फियाटला कुणी डबा म्हणेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. निदान महाडात तरी त्यांच्या तोंडावर असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. ते हायस्कुलात हेडक्लार्क होते, आणि गावातल्या प्रत्येकाला कधी ना कधी पोराचा शाळा सोडल्याचा दाखला लागणारच होता. पण तसनीमच्या साखरपुड्याला तुडीलहून माहरुख फुफू आली. फुफू म्हणजे होणाऱ्या जावयाची आत्या, राहायला भावाच्याच घरी. तिला पोरं नव्हती, त्यामुळे दाखल्याची भीतीही नव्हती.

जेवण झाल्यावर फुफू गालात पान धरून अंगणात आली. शेडखाली उभी असलेली फियाट तिनं पुढून पाहिली, मागून पाहिली आणि मग कमरेवर हात ठेवून खाली वाकली.

"चाकं तर बघा गो, पापडाएवढी! ह्या डब्यातनं नवरी आणणार? वाटेतच उतरून ढकलाया लागंल तिला. नको बाबा. आमची पांढरी गाडी येईल मुंबईहून, तिच्यात बसवू."

सगळे हसले. मुकादमांच्या घरचेही हसले, हे जास्त लागलं. ज्या माणसानं तीन-तीन हेडमास्तरांना त्यांच्याच रजेच्या अर्जासाठी टेबलासमोर उभं केलं, त्याच्या गाडीला त्याच्याच अंगणात त्याचीच बिर्याणी खाऊन हसायचं म्हणजे काय! मुकादम सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तसनीम माझ्या गाडीतून सासरी जाईल आणि गाडी मी चालवीन. आणि चाकांचंच म्हणाल, तर त्या दिवशी चष्मा लावून या."

यातलं शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. पण काही माणसांना तोंड वेळेवर मिटता येत नाही, आणि अशी माणसं पुढे ऑफिसात चढत चढत हेडक्लार्क होतात.

तसनीमनं त्याच संध्याकाळी वडिलांना सांगितलं, "अब्बा, चाकं आहेत तीच राहू द्यात. तुम्ही चालवा म्हणजे झालं." ती लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवायची. एकदा कोंबड्यांच्या खुराड्याला रंग देताना उरलेला हिरवा रंग तिनं गाडीच्या एका चाकाला फासला होता. तो मुकादमांनी आजतागायत काढला नव्हता. रंग काढायला पेट्रोल फुकट जातं, असं ते लोकांना सांगत. खरं कारण वेगळं होतं आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. तर पोरीचं म्हणणं मुकादमांनी नीट ऐकून घेतलं आणि ऑफिसातल्या प्रत्येक शहाण्या अर्जाचं जे करायचे तेच केलं, म्हणजे बाजूला ठेवून दिलं.

नवी चाकं घ्यायची हे ठरलं. तीही साधी नव्हेत, मुंबईच्या पोरांच्या गाड्यांना असतात तसली, चकचकीत, ताऱ्यासारखी, ज्यांना मॅगव्हील म्हणतात.

मुकादम कायद्याचे माणूस. गावात गाड्यांचे कागद तपासायचा कॅम्प भरला होता, तिथे चिंचेखाली टेबल टाकून बसलेल्या कारकुनाला त्यांनी रीतसर विचारलं, "चाकं बदलायला परवानगी लागते?"

"लागते."

"मग द्या."

"गाडी नव्या चाकांसकट दाखवा, मग बघू."

"म्हणजे आधी बसवून आणू?"

"परवानगीशिवाय बसवलीत तर दंड होईल."

"मग दाखवणार कशी?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय," कारकून म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाकडे पाहिलं.

दुसरा कुणी असता तर चिडला असता. मुकादम मात्र दोन पावलं मागे सरून त्या कारकुनाकडे कौतुकानं बघत राहिले. हे असं उत्तर त्यांनाही उभ्या नोकरीत इतक्या थोडक्यात कधी जमलं नव्हतं. परवानगीचा नाद त्यांनी तिथेच सोडला.

आता घरात सल्लागार कमी नव्हते. झुबेदाचा, म्हणजे मुकादमांच्या बायकोचा, भाऊ युसुफ लग्नासाठी कुवेतहून सुट्टीवर आला होता. तिकडे तो एका मोठ्या कॅम्पच्या स्वयंपाकघरात कांदे सोलायच्या कामावर होता. पण विमानातून उतरलं की त्याला फ्रिजपासून राजकारणापर्यंत सगळ्यातलं कळायला लागायचं. "दुलाभाई, टेन्शन कायको लेते? उधर सगळी चाकं युनिव्हर्सल. कुठलंबी चाक, कुठलीबी गाडी. डोळे मिटून घ्या," असं तो डोळे मिटून सांगायचा.

कामाची माहिती दिली ती शेजारच्या सोमानं. सोमा एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यावर बसून दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघणं हा त्याचा निवृत्तीनंतरचा व्यवसाय होता. तो म्हणाला, "पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या वळणाखाली महिपतीचं शेत हाय. महाबळेश्वरवाले पर्यटक वळण घ्यायचं इसरतात नि सरळ त्याच्या शेतात येतात. माणसं कापडं झाडून वर चढतात, गाडी तिथंच. भातापेक्षा गाड्यांचं पीक जास्त हाय त्याचं. मॅगव्हील हायत त्याच्याकडं, टायरासकट. बदल्यात जुनी चाकं मागतोय. पण एकदा दिलेला माल परत घ्यायचा नाय तो."

म्हणजे देवाणघेवाणीआधी ती चाकं फियाटला बसतात की नाही हे बघणं भाग होतं.

आता सरळ मार्ग असा की गाडी घेऊन पोलादपूरला जायचं आणि चाक लावून बघायचं. पण महिपतीच्या शेतापुढे मुकादमांची फियाट उभी दिसली, की संध्याकाळच्या आत महाडात बातमी येणार, मुकादमांनी गाडी भंगारात काढली. सोमा म्हणाला, "मग नुसतं चाक न्या. एसटीत सामान म्हणून जाईल, मी सांगतो कंडक्टरला." मुकादमांच्या अंगावर काटाच आला. हायस्कूलचा हेडक्लार्क चाक मांडीवर घेऊन महाड स्टँडपासून पोलादपूरपर्यंत बसणार! वाटेत पालक चढणार, उतरणार, सलाम करणार! "चाक मांडीवर घेऊन मी मेलो तरी जाणार नाही," असं त्यांनी सोमाला ठणकावून सांगितलं. हे वाक्य वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

तेव्हा न्यायचं ते फक्त माप. गाडीच्या चाकाला बोल्टांची चार भोकं असतात, त्यांच्यातलं अंतर नव्या चाकाशी जुळलं पाहिजे, एवढं मुकादमांना ठाऊक होतं. त्यांनी एक चाक काढून अंगणात आडवं टाकलं आणि शाळेतून मोजपट्टी आणली. तिच्यावरच्या बारीक रेघा पोरांनी कर्कटकानं पिढ्यान्‌पिढ्या खरवडून काढल्या होत्या. शिवाय भोक म्हणजे नुसती पोकळी, तिच्या मधला बिंदू कुठला धरायचा? जितक्या वेळा मोजलं तितक्या वेळा वेगळं उत्तर आलं. मग त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. फुलस्केप कागद, खाली कार्बन, खाली पुन्हा कागद असं रीतसर लावून त्यांनी चाकावर दाबलं. मूळ प्रतीवर ग्रीस उमटलं आणि बाकीच्या प्रतींवर त्यांचेच अंगठे.

हात धुवायला ते स्वयंपाकघरात गेले. झुबेदा भाकऱ्या करत होती. तांदळाच्या पिठाची गोल, ओलसर भाकरी परातीत थापून तयार होती. मुकादम टेकायला गेले आणि त्यांचा अंगठा भाकरीत रुतला. उचलून पाहतात तो अंगठ्याची रेघ न्‌ रेघ भाकरीवर उमटलेली. मुकादमांचे डोळे चमकले. जगातले मोठे शोध असेच लागले असणार, असं त्यांना त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

"झुबेदा, ही भाकरी मला दे."

"भाजते, मग घ्या."

"कच्चीच दे."

झुबेदानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. पोरीच्या लग्नाच्या काळजीनं बापाच्या डोक्यावर परिणाम होतो, असं तिनं ऐकलं होतं.

मुकादमांनी चाक साबणानं घासून धुतलं, पुसलं आणि त्याच्या मधोमध भाकरी पसरून तळहातानं दाबली. उचलली तर चार भोकांच्या जागी चार गोल उंचवटे. शोध सिद्ध झाला. आता प्रश्न असा की ही लिबलिबीत भाकरी एसटीतून पोलादपूरपर्यंत जाणार कशी? हलली, वाकली, ताणली की माप गेलं. ती पक्की करायला हवी. आणि भाकरी पक्की करायची रीत आपल्याकडे एकच आहे.

"ही भाज," मुकादम म्हणाले. "उलटू नको. थापटू नको. आणि मुख्य म्हणजे फुगू देऊ नको."

"फुगू द्यायची नाय?" झुबेदाला हे फार लागलं. "अवो, माझी भाकर फुगत नाय असं माझ्या सासूला पण बोलता आलं नाय कधी!"

"ही खायची नाही. हे माप आहे."

"मग चुलीवर कशाला ठेवताय, कपाटात ठेवा," असं म्हणत तिनं फडक्यानं फुगे दाबत दाबत ती भाकरी भाजली. कौलासारखी कडक झाली. चारही उंचवटे शाबूत. मुकादमांनी ती स्टीलच्या डब्यात घातली, वर रुमाल ठेवला आणि रजा टाकून ते पोलादपूरच्या एसटीत बसले.

वाटेत खड्डा आला की ते डबा उघडून बघायचे आणि मिटायचे. शेजारच्या सीटवर एक म्हातारी होती. तिला दया आली.

"खा की रे बाबा. भुकेला दिसतोस. लोणचं देऊ?"

"खायची नाही, आजी. मापाची आहे."

म्हातारीनं गाठोडं उचललं आणि ती पुढच्या सीटवर जाऊन बसली.

महिपतीचं शेत सोमानं सांगितल्याबरहुकूम निघालं. बांधाला एक जीप टेकलेली, विहिरीजवळ मोटारीची सीट, तिच्यावर महिपती बसलेला. पेंढ्याखालून त्यानं चाकं काढली. धूळ पुसली आणि मुकादमांचा जीव त्या चाकांत अडकला. उन्हात ती अशी लखलखली की माहरुख फुफूचा चष्मा फुटलाच पाहिजे. त्यांनी डबा उघडला आणि भाकरी चाकाच्या मागच्या अंगावर ठेवली. चारही उंचवटे चारही भोकांत जाऊन अलगद बसले.

"भाकर बसली!" महिपती ओरडला. "ठकू, ये गो, बघ, सायबांची भाकर चाकाला बसली!" ठकूबाई, म्हणजे त्याची बायको, आली. शेजारच्या शेतातले दोघं-तिघं आले. सगळ्यांनी भाकरी काढून, पुन्हा बसवून पाहिली. व्यवहार ठरला. ठकूबाईनं ती भाकरी उचलून जाता जाता म्हशीपुढे टाकली. काम झालं होतं, त्यामुळे मुकादमांनी रिकामा डबा मिटला.

"मंग परत नाय हां सायेब," महिपती म्हणाला.

"मुकादम एकदाच मोजतो," मुकादम म्हणाले.

गुरुवारी महिपतीचा टेम्पो अंगणात आला. त्याच्या माणसांनी फियाट उचलून जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवली, जुनी चाकं काढून टेम्पोत भरली आणि नवी अंगणात उतरवून ते निघून गेले. हिरव्या रंगाचं चाक टेम्पोत गेलं तेव्हा तसनीम दारात उभी होती. ती वळून आत गेली. मुकादमांना ते दिसलं. पण माणूस एकदा जिद्दीला पेटला की त्याला दिसतं ते कळत नाही.

युसुफ म्हणाला, "बसवून टाकू आत्ताच." मुकादमांनी साफ नकार दिला. चाकं शुक्रवारी, जुम्म्याची नमाज सुटल्यावर, चार लोकांसमोर बसणार होती. ज्या गोष्टीला साक्षीदार नाही ती झाली नाही असं धरायचं, ही ऑफिसातली पद्धत त्यांनी घरातही चालू ठेवली होती.

शुक्रवारी चार काय, चाळीस लोक जमले. सरबत फिरलं. मुकादमांनी बाह्या सारून चाक उचललं, लावलं आणि पहिला बोल्ट फिरवला. बसला. लोक खूष झाले. दुसरा बोल्ट अर्धा गेला आणि अडला. तो सैल करून समोरचा लावला तर पहिला निघाला. वरचा बसला की खालचा रुसायचा, खालच्याची समजूत काढावी तर वरचा बाहेर. चार भोकं आणि चार बोल्ट यांच्यात जेमतेम नखभर फरक होता, पण तो नखभर फरक काही केल्या हटेना.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. एकानं सांगितलं, कानशीनं भोकं वाढवा. दुसरा म्हणाला, हातोडा मारा, जाईल. तिसऱ्यानं तेल सुचवलं. सोमा गडग्यावरून म्हणाला, "दोन बोल्टवर चालवा की. तुडील काय लांब नाय."

"आणि नदीकाठच्या रस्त्यावर नवरीच्या आधी चाक पुढे गेलं तर?" मुकादम ओरडले.

"उधर असं कधी होत नाही," युसुफ म्हणाला आणि सरबताचा दुसरा ग्लास घेऊन आत गेला. हळूहळू लोकही पांगले. जाताना प्रत्येकजण चिऱ्यांवर बसलेल्या फियाटकडे असा बघत होता, की त्यापेक्षा शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

मुकादमांना काहीच समजेना. भाकरी तर बसली होती! पाच माणसांनी बसवून पाहिली होती. उतरल्या तोंडानं ते स्वयंपाकघरात पाटावर जेवायला जाऊन बसले. समोर झुबेदा भाकरी भाजत होती. तिनं परातीएवढी थापलेली भाकरी तव्यावर टाकली आणि मुकादमांच्या डोळ्यांदेखत ती भाकरी कडेकडेनं आत ओढत आली. पाणी आटलं, भाकरी आटली. मुकादमांच्या हातातला घास हातातच राहिला. जन्मभर रोज दोन्ही वेळा ज्या माणसानं भाकरी खाल्ली, त्यानं ती तव्यावर एकदाही नीट पाहिली नव्हती.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. बाहेर येऊन ते सोमाला म्हणाले, "कंपनीची चूक आहे. हल्ली चाकांना दर्जाच राहिलेला नाही."

शनिवारी ते पुन्हा पोलादपूरला गेले. निकाह दुसऱ्या दिवशी होता आणि गाडीला चाक नव्हतं. महिपती विहिरीजवळच्या सीटवरून उठलाही नाही.

"तुमची चाकं जानू जनरेटरवाल्यानं नेली. नवी ट्रॉली बांधलीन त्यानं. लगीनसराई हाय ना, उद्या खालच्या अंगाला कुठंतरी हाय त्याची ऑर्डर."

"पण माप चुकलं ना तुमचं!"

"माझं? मी काय बोललो? बोलली ती तुमची भाकर."

"कुठे आहे ती भाकरी?"

महिपतीनं म्हशीकडे बोट दाखवलं. म्हैस शांतपणे रवंथ करत होती. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मुकादम परतीच्या एसटीत बसले आणि महाडपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून राहिले.

रविवारी वरात वाजतगाजत आली. पुढे ताशे, मागे फुलांनी मढवलेली पांढरी गाडी, तिच्यामागे जीपला जोडलेला जनरेटर. कारण महाडच्या विजेवर विसंबून लाउडस्पीकर लावायला तुडीलकर वेडे नव्हते. निकाह नीट पार पडला. नवरा मुलगा उझैर पोरगेला, सरळ, औषधांच्या दुकानात बसणारा. त्याच्यात खोट काढायला मुकादमांनाही जमलं नव्हतं. जेवणं झाली आणि माहरुख फुफू अंगणात आली. तिच्या डोळ्यांवर चष्मा होता.

ती शेडखाली गेली, वाकली, चष्मा पुढे-मागे केला. "चाकं कुठं हायत गो? मला तर एक पण दिसत नाय. नंबर वाढला वाटतं माझा."

या वेळी हसण्याचा आवाज शेजारच्या आळीपर्यंत गेला. मुकादमांना वाटलं, चिऱ्यांखालची जमीन फाटावी आणि गाडीसकट आपल्याला आत घ्यावं.

पाठवणीची वेळ झाली. पांढऱ्या गाडीचं दार उघडून युसुफ उभा होता. तसनीम बायकांच्या गराड्यातून आली, पांढऱ्या गाडीजवळून पुढे गेली, शेडखाली शिरली, चिऱ्यांवरच्या फियाटचं मागचं दार उघडलं आणि आत बसली. शरारा सावरला आणि दार लावून घेतलं.

"तसनीम, उतर," झुबेदा रडत म्हणाली. "चाकं नायत गाडीला."

"मग थांबते," तसनीम म्हणाली. "अब्बांनी सांगितलंय, मी यातनं जाणार."

काय करावं कुणाला कळेना. उझैरलाही कळलं नाही. म्हणून तो सेहरा बाजूला सारून फियाटच्या दुसऱ्या दारानं आत शिरला आणि बायकोशेजारी बसला. नवरा-नवरी चाकं नसलेल्या गाडीत बसलेत, समोर ताशेवाले वाजवताहेत, लाउडस्पीकरवर गाणी चाललीत, आणि फियाट जागची हलत नाही.

मुकादमांना ते बघवेना. आपल्या एका वाक्यापायी पोरीचा तमाशा झाला, हे आता त्यांना पुरतं उमगलं होतं. रडायला कुणाला दिसणार नाही अशी जागा शोधत ते घरामागे गेले. तिथे जनरेटर धडधडत होता. त्याच्या आडोशाला ते मातीत फतकल मारून बसले, धूर तोंडावर घेतला आणि मनसोक्त रडले. डोळे पुसून वर पाहतात तो समोर, नाकापासून हातभर अंतरावर, हिरवा रंग.

चाकाला फासलेला हिरवा रंग. खुराड्याचा.

"अरे!" मुकादम ओरडले. "ही माझी चाकं!"

जनरेटरमागून जानू आला. "होती सायेब. आता ट्रॉलीची हायत."

मुकादमांनी नोकरीत कुणापुढे हात जोडले नव्हते. लोकांनी त्यांच्यापुढे जोडायचे, हीच रीत होती. त्यांनी जानूपुढे हात जोडले. "बाबा, एवढ्या दुपारपुरती दे. माझी पोर बसून आहे रे गाडीत."

जानूनं डोकं खाजवलं. "उद्या वीर स्टेशनाजवळ हळदीची ऑर्डर हाय माझी. संध्याकाळी चाकं परत पायजेत. नि चाकांबरोबर मी येणार. लोकांचा काय भरोसा?"

चिऱ्यांचा एक ढीग जनरेटरखाली गेला, मग दुसरा. सुटाबुटातल्या पाहुण्यांनी बाह्या सारल्या. ट्रॉलीखालून चाकं निघाली आणि घरंगळत शेडखाली आली. उझैर शेरवानीचे हात वर करून खाली बसला आणि त्यानं स्वतः पाना फिरवला. एकेक बोल्ट पहिल्या फटक्यात बसत गेला. चिऱ्यांवरचा जनरेटर सगळा वेळ धडधडतच होता आणि गाणं मधे एकदाही थांबलं नाही.

फियाट निघाली. पुढे मुकादम स्टिअरिंगवर, त्यांच्या शेजारी जानू मांडीवर पाना घेऊन ताठ बसलेला, मागे नवरा-नवरी. त्यांच्यामागे पांढऱ्या गाडीत माहरुख फुफू, काच वर करून, कारण फियाटची सगळी धूळ तिच्याकडे जात होती. सगळ्यात मागे जानूची रिकामी जीप, त्याच्या माणसाच्या हाती. नदीकाठचा रस्ता लागला तेव्हा तसनीम मागून पुढे वाकली.

"अब्बा, हॉर्न."

मुकादम थोडे बाजूला सरकले. तिनं मेंदीचा हात त्यांच्या खांद्यावरून पुढे काढला आणि हॉर्न वाजवला. मुकादमांचे डोळे भरून आले. जानूनं विचारलं तर ते म्हणाले की तुझ्या जनरेटरचा धूर अजून डोळ्यांत आहे.

तुडीलला पोचल्यावर नवरीचा पाय उंबऱ्याच्या आत पडला न पडला तोच जानू जॅक घेऊन गाडीखाली शिरला. चिरे तिथेही मिळाले, कोकणात त्यांची टंचाई नाही. फियाट नेमकी माहरुख फुफूच्या दारासमोर, जाण्यायेण्याच्या वाटेतच चिऱ्यांवर बसली. चाकं जीपमध्ये गेली. मुकादमांनाही जीपमध्येच बसावं लागलं, आणि जीप होती आखूड. तेव्हा महाडच्या भर बाजारपेठेतून, लोक दुकानांच्या पायऱ्यांवर उभे असताना, हायस्कूलचे हेडक्लार्क हाशिम मुकादम हिरवं चाक मांडीवर घेऊन घरी गेले. पालकांनी सलाम केले. हात अडकलेले असल्यामुळे मुकादमांनी नुसती मान हलवली.

फुफूचे निरोप मग दर आठवड्याला यायला लागले. गाडी कधी नेताय? वाट अडलीय. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालताहेत. मुंबईची पांढरी गाडी आली की वळवता येत नाही. मुकादमांचा प्रत्येक निरोपाला एकच जबाब असे, प्रकरण विचाराधीन आहे.

पावसाळा लागला तसा एक दिवस उझैर महाडला आला. चहा पिता पिता सहज म्हणाला, "दुपारी कामं आटपली ना अब्बा, की तसनीम गाडीत जाऊन बसते. पुढच्या सीटवर. एकदा हॉर्न वाजवते आणि आत येते. घरची आठवण आली की तिला तेवढं पुरतं, म्हणते."

त्याच संध्याकाळी सोमानं गडग्यावरून आनंदानं हाक मारली. "मुकादमसाहेब! महिपतीच्या शेतात काल एक फियाट उतरली. माणसं चालत गेली, चारी चाकं धडधाकट. आता माप पण नको, फियाटचीच हायत. उद्याच आणू."

"माप घेतल्याशिवाय चाक घ्यायचं नाही," मुकादम म्हणाले. "माप भाकरीवर घ्यावं लागतं, आणि भाकरीला नवा तांदूळ लागतो."

"अवो, नवा तांदूळ अजून शेतात हाय! लावणी पण संपली नाय."

"मग थांबू," मुकादम म्हणाले आणि त्यांनी झुबेदाला सोमासाठी चहा टाकायला सांगितला.